पंख्याची दोरी

बुलढाण्याच्या कोर्टात साक्षीला उभी राहिले तेव्हा मी आठ वर्षांची होते. काकानं शेताच्या धुऱ्यावर बापाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, ते मी एकटीनंच पाहिलं होतं.

जज्जसाहेबांच्या डोक्यावर मोठा कापडी पंखा हलत होता. त्याची दोरी दारातून बाहेर गेलेली. व्हरांड्यात कुणीतरी ती पायाच्या अंगठ्याला बांधून ओढत होतं. मला दिसत होता फक्त तो पाय.

काकाचा वकील अंगावर धावून आल्यासारखा ओरडला, "खोटं बोलतेस! कुणी शिकवलं?"

मला रडू फुटलं आणि पंखा थांबला. मी डोळे पुसले, पंखा हलला. वकील पुन्हा ओरडला, पंखा पुन्हा थांबला. साहेब घामानं निथळले. चपराशी बाहेर धावला.

"काऊन थांबला बे?"

म्हातारा आवाज आला, "पोरगी रडते तं पाय चालत नाही ना, भाऊ."

साहेबांनी कपाळ पुसलं. वकिलाला म्हणाले, "हळू विचारा."

मग त्या पायाकडे बघत मी सगळं सांगितलं.

खरं बोल, असं मला घरापासून कोर्टापर्यंत सगळ्यांनी बजावलं होतं. घाबरू नको, एवढं मात्र त्या भेगाळलेल्या पायानंच सांगितलं.