कांदळगावकर सरांची ‘शी’

कांदळगावकर सर वह्या तपासताना तोंड असं करायचे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, काकडीचं कडू देठ चावलं गेलंय. लाल पेनाने ते चूक-बरोबर कधी करत नसत. समासात एकच अक्षर लिहायचे, ‘शी’. ‘विलोभनीय’ दिसलं की शी, ‘हृदयस्पर्शी’ दिसलं की शी, ‘कवीने येथे अत्यंत प्रभावीपणे’ दिसलं की दोनदा शी. बारावीला मराठी शिकवणारा माणूस मुलांच्या वह्यांत असलं काही लिहितो म्हणून एका पालकाने प्राचार्यांकडे तक्रार केली होती. सरांनी त्या तक्रारीचा कागद वाचला आणि त्याच्याही समासात दोन ठिकाणी शी लिहून परत दिला.

मुलांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी मसुऱ्याहून एसटीने मालवणला यायची, म्हणून मी ‘मसुऱ्या’. आमची भेट झाली ती समुद्रावरच्या एका कवितेच्या रसग्रहणावरून. मी ते गाईडमधून जसंच्या तसं उतरवलं होतं आणि दहापैकी नऊ मिळणार या खात्रीने पुढच्या बाकावर बसले होते. फळ्यावर सर प्रमाण मराठी लिहायचे, पण बोलायला लागले की मालवणीच.

“मसुऱ्या, तू बंदरार गेल्लंस कधी?”

“हो सर.”

“थंय पयला काय लागला तुका?”

मी खरं ते सांगितलं. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला होता आणि मला मळमळलं होतं. वर्ग हसला, सर हसले नाहीत.

“मगे ह्या कवितेत तो वास खंय आसा?”

“नाहीये सर.”

“नाय ना? मगे कवी खंय उभो होतो?”

असा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी घरी जाऊन कविता पुन्हा वाचली. तिच्यात वास नव्हता, ओली वाळू नव्हती, एकही माणूस नव्हता. मी लिहिलं, की कवी बहुतेक हॉटेलच्या गच्चीवर उभा असावा, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असावा. सरांनी त्या पानावर काहीच लिहिलं नाही. त्यांच्याकडून मिळालेली ती माझी पहिली शाबासकी.

त्यांची पद्धत उलटी होती. बाकीचे शिक्षक विचारायचे, काय आवडलं. हे विचारायचे, कंटाळा कुठे आला, किळस कुठे आली. कथेतली आई मरते आणि सगळं घर धाय मोकलून रडतं, अशा एका कथेवर आम्ही पानंच्या पानं गहिवरून लिहिलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “ह्या वाचताना वळी खंय गाळलास?” सगळ्यांनी ओळी एकाच जागी गाळल्या होत्या, रडण्याच्या. ते म्हणत, “कवतुक खोटा करूक येता. ओकारी खोटी काडूक येणा नाय.” मग ते फळ्याकडे वळायचे आणि शुद्ध मराठीत लिहायचे : ‘नावडण्याचे कारण पुराव्यासह स्पष्ट करा.’

एकदा त्यांनी आम्हाला गावच्या जत्रेतल्या दशावतारावर लिहायला सांगितलं. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं, नट उभा राहतो आणि सुचेल ते बोलतो, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी आमच्यातल्या एकाने गाईड उघडून लिहिलंच, ‘नाटकाची संहिता घट्ट बांधणीची आहे.’ सरांनी त्याला उभा केला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “ती संहिता माका आणून दी. आमच्या बापाशीन आयुष्यभर दशावतार बघल्यान, तेका ती खंय मेळाक नाय.”

सर निवृत्त झाले तोवर मीही एका कॉलेजात मराठी शिकवायला लागले होते. त्यांचं घर देवबागला. तिथल्या किनाऱ्यावर आता ओळीने होमस्टे आहेत, आणि निम्म्या पाट्यांवर ‘विलोभनीय सागरकिनारा’ असं लिहिलेलं आहे. मी त्यांच्याकडे जायची ती या पाट्यांवर दोघांनी मिळून नाक मुरडायलाच. अशाच एका दुपारी त्यांनी एक फाईल माझ्या हातात दिली. “माझ्यो कविता. वाच, मगे सांग. पुस्तक काडूचा म्हणतंय.”

ती मी मसुऱ्याला आणून वाचली आणि मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही. सागर अथांग होता, संध्या लाजत होती, क्षितिज साद घालत होतं. ज्या शब्दांवर या माणसाने आमच्या वह्या लाल केल्या, ते सगळे त्याने घरात लपवून जोपासले होते. मला फसवल्यासारखं वाटलं आणि संतापही आला. शेवटाकडे मात्र एक कविता निघाली, एकुलती एक मालवणीत. सरांची आई मासे विकायची. ती कविता तिच्यावर होती.

तुझ्या नखातली माशाची घाण
माझ्या भातात इली, आये,
मी ओकलंय तुझ्याच पदरार
नि तू त्याच पदरान बाजारात गेलंस.

हे वाचून मी फाईल मिटली आणि उठून हात धुतले.

मी जाऊन सांगितलं, “सर, ही एक ठेवा. बाकीच्या टाका.”

ते म्हणाले, “चाळीस वर्सा लिवतंय मी.”

“हो सर.”

“एकच?”

“एकच.”

“तुका कविता कळणा नाय,” सर म्हणाले. फाईल त्यांनी माझ्या हातून काढून घेतली. “जा, एसटी चुकतली तुझी.”

त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. मग एक निमंत्रणपत्रिका आली, हाताने काही न लिहिलेली. मालवणात दुपारी प्रकाशन होतं. व्यासपीठावर तालुक्यातले एक निवृत्त साहेब होते, जे आमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाला प्रस्तावना लिहितात आणि एकही पुस्तक वाचत नाहीत असं मी तोवर मानत होते. ते बोलायला उभे राहिले. ‘सागराच्या गाजेत भिजलेली हृदयस्पर्शी कविता’ झालं, ‘मातीचा गंध’ झाला. मग ते हसत म्हणाले, “एक कविता तेवढी जरा बीभत्स होती. मासे, ओकारी, असलं काहीतरी. मीच सरांना म्हटलं, ती वगळू या. शुभकार्यात कशाला?” सभागृह हसलं. शाल पांघरून बसलेले सर खाली बघत होते. मला त्या साहेबाची किळस आली, पण त्याहून जास्त सरांची आली. त्यांनी ती खरंच वगळली होती. मी उठून जायच्या बेतात होते, पण तेवढ्यात व्यासपीठावर आणि पहिल्या रांगेत बटाटेवड्यांच्या बशा फिरायला लागल्या आणि वाट अडली.

सर मनोगताला उभे राहिले. लिहून आणलेला कागद त्यांनी एकदा उघडला आणि खिशात ठेवला. “पुस्तकात नाय, ती एक म्हणतंय,” म्हणाले, आणि ती कविता म्हटली. हळू, आवाज न चढवता, एखाद्या घरगुती गोष्टीबद्दल सांगावं तशी. नखातल्या घाणीपाशी पहिल्या रांगेतलं चघळणं थांबलं. ओकारीपाशी एका बाईंनी रुमाल तोंडाला लावला. शेवटची ओळ झाली तेव्हा साहेबांनी अर्धा खाल्लेला वडा बशीत ठेवून बशी खुर्चीखाली सरकवली होती. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सूत्रसंचालक पुढे आला, “अतिशय हृदयस्पर्शी” म्हणाला, आणि त्याने आभारप्रदर्शनाला सुरुवात केली.

गर्दी ओसरल्यावर सर नारळ हातात घेऊन माझ्यापाशी आले.

“तोंड कोणी कोणी वाकडा केल्यान?”

“पहिली रांग सगळी.”

“आणि सायबान?”

“वडा टाकला.”

“तू?”

मी मान डोलावली, मीही केलं होतं. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, वह्या तपासताना बघायचे तसं.

“मगे ती बरी आसतली,” ते म्हणाले. “पण बाकीच्या कवितांबद्दल तू बोललंस, ता मी इसराचंय नाय.”

विसरले नाहीतच. त्यानंतर मी देवबागला गेले की चहा यायचा, मे महिन्यात आंबे यायचे, आणि आंबा कापता कापता सर त्या उरलेल्या कवितांपैकी एखादी काढायचे, “हेच्यात काय वायट आसा ता सांग.” मी पुराव्यासह सांगायची. ते चिडायचे. गेल्या वर्षी सर गेले तेव्हा अथांग सागराच्या कवितेवर आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं. मी जिंकत होते, आणि आता मला ती कविता वाईट आहे असं म्हणवत नाही, याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.