आत्याचं पडकं घर

आत्या निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर घर नव्हतं. सारी हयात नर्स म्हणून काढलेली. आधी वसतिगृह, मग भाड्याच्या खोल्या आणि शेवटी आमच्याकडे, म्हणजे तिच्या थोरल्या भावाकडे, माझ्या बाबांकडे. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

एकदा जेवताना ती म्हणाली, "कोपऱ्यावरचं ते बंद घर घ्यावं म्हणतेय."

बाबांना ठसका लागला. छप्पर मधोमध खचलेलं, मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग!

दुसऱ्या दिवशी आम्ही गवंड्याला घेऊन गेलो. त्यानं भिंती ठोकल्या, वासे टोचून पाहिले. "मागची भिंत उतरवावी लागेल. निम्मे वासे कुजलेत. पाया मात्र दणकट आहे."

"ऐकलंस?" बाबा म्हणाले.

"ऐकलं. पाया दणकट आहे."

बाबांचा आवाज चढला. "अगं, या वयात विटा-सिमेंटात लोळणार? आमच्याकडे खोली आहे ना तुला!"

"ती तुमची खोली आहे, दादा. पाहुणे आले की माझी गादी हॉलमध्ये येते."

"तुला कोणी काही बोललं का?"

"नाही. म्हणून तर रागावून जात नाहीये, ठरवून जातेय."

बाबा तरातरा बाहेर पडले. आत्या त्या घराच्या स्वयंपाकघरातली घट्ट बसलेली खिडकी उघडायला गेली. हलेना. तिनं खांदा लावला, तशी खिडकी चौकटीसकट धाडकन अंगणात पडली. मी किंचाळले. आत्या धुळीत उभी राहून पोट धरून हसत होती.

"बदलायचीच होती ती," ती म्हणाली. "जा, बाबांना सांग, घेतलं म्हणावं घर."

पुढचं सोपं गेलं नाही. छप्पर उतरवताना मागची भिंत आपणहून बसली. त्या संध्याकाळी आत्या आमच्या ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडली. सकाळी डोक्याला फडकं बांधून पुन्हा तिथं हजर, विटा वेचत.

बाबाही तिथं पोचले. "मी सांगत होतो..."

"हो, सांगत होतास. घमेलं धर."

बाबांनी बाह्या सरसावून धरलं.

आत्या आता तिथंच राहते. मागच्या खोलीला अजून गिलावा नाही. येणारे-जाणारे विचारतात, "काम कधी संपणार?"

पायरीवर पाय पसरून बसलेली आत्या म्हणते, "का? तुम्हाला घाई आहे?"