कान सुकला तेव्हा

डिलाईल रोडच्या चाळीत कुशाबाची आणि आमची खोली लागून होती. मी बी.ए. झालो. तो गिरणीत साचेवाला झाला. मागाला तिथे साचा म्हणतात.

त्याचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. त्याची आई, लक्ष्मीकाकी, लसणीचं कोमट तेल घालायची. बायको कांता रोज उशीचा अभ्रा धुवायची. वास यायचा. ते त्याला माहीत होतं. म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला तो कडेला बसायचा, चांगला कान भाषणाकडे करून.

"अर्धंच भाषण ऐकतोस, तर अर्ध्याच घोषणा दे," आम्ही म्हणायचो.

"अर्धा महाराष्ट्र नको म्हणून तर आलोय रे!"

साठ सालच्या एप्रिलात कानामागे सूज आली. मी त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, कानामागचं हाड सडतंय. ऑपरेशन करून साफ करायला हवं, नाहीतर पू मेंदूपर्यंत जाईल. मे महिन्यातली तारीख मिळाली.

मग कान वाहायचा थांबला. सकाळी कापूस कोरडा निघाला. कांताने तो मला आणून दाखवला.

"कान सुकलो मा? मगे कापूक कित्याक व्हया?" लक्ष्मीकाकी म्हणाली.

कापायची गरज नाही, हेच कुशाबाला ऐकायचं होतं. महाराष्ट्र झाला त्या दिवशी त्याने चाळीत पेढे वाटले. प्रत्येकाच्या हातावर दोन. "एक राज्याचा, एक कानाचा."

ऑपरेशनच्या तारखेला तो कामावर गेला.

पुढे डोकं दुखू लागलं. उलट्या झाल्या. ऊन बाधलं, असं घरात ठरलं. एका सकाळी त्याचं तोंड उजवीकडे ओढलेलं दिसलं. चहा ओठातून सांडत होता. मी टॅक्सी आणली.

"कान वाहायचा कधी थांबला?" डॉक्टरांनी विचारलं.

"महाराष्ट्र झाला ना, तेव्हाच," कांता म्हणाली. तिला अजून ती चांगली बातमी वाटत होती.

"थांबला नव्हता, बाई. बाहेरची वाट बुजली. पू आत गेला."

ऑपरेशन झालं. तो शुद्धीवर आला नाही.

गिरणीत कळवायला मी गेलो. त्याच्या खात्याचा मुकादम, चिंतामणी जॉबर, मला साचाखात्यात घेऊन गेला. एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी ओरडू लागलो. चिंतामणीने मान हलवली आणि माझ्या ओठांकडे बोट केलं. मग मी आवाज न काढता सांगितलं, कुशाबा गेला. त्याला कळलं. त्याने शेजारच्या साच्यावरच्या माणसाकडे तोंड करून तसेच ओठ हलवले. त्याने पुढच्याला सांगितलं. रांगेच्या टोकापर्यंत ते गेलं. साचे चालूच होते.

कुशाबाच्या साच्यांवर बदली कामगार उभा होता. त्यालाही कुणीतरी सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तुटलेला धागा जोडायला तो वाकला.