बाबीनची न थांबलेली चाल

स्थैर्य म्हटले की आपल्याला पर्वत स्मरतो. परंतु भोवराही स्थिर असतो, आणि तो फिरतो म्हणूनच. कोनेमाराच्या किनाऱ्यावरील बाबीनला हे दुसऱ्या जातीचे स्थैर्य लाभले होते.

आयर्लंडच्या यादवीत तिचा पक्ष हरला. नव्या सरकारशी निष्ठेची शपथ ती घेईना, म्हणून शाळेतली नोकरी गेली. तिच्या बाजूची तरुण मंडळी एकेक करून अमेरिकेची वाट धरू लागली. जाणाऱ्याला सारे गाव वाजतगाजत पुलापर्यंत पोचवी; तिथे वाद्यावरची चाल थांबली की गळाभेट, आक्रोश आणि मागे न पाहता प्रयाण. ती चाल वाजवी बाबीन, गळ्यात अडकवलेल्या भात्याच्या छोट्या पेटीवर. अकरा जणांना तिने असे पोचवले. मग बॉस्टनच्या भावाने तिचेच तिकीट धाडले.

"आता तुझ्या वेळी कोण वाजवणार गं?" आईने विचारले.

"मीच! दुसऱ्या कुणाला येतंय?"

ट्रंक गाडीवर चढली. गाडी हाकणारा चुलतभाऊ फेस्टी हा जिंकलेल्या सैन्यातला. वर्षभर त्याने तिच्याशी अबोला धरला होता. पुलावर त्याने घोडा थांबवला. पेटी मात्र थांबेना. आणि चाल चालू असता निरोप द्यावा कसा? रडायला सज्ज झालेले लोक नाचू लागले. आईच्या पायातला एक जोडा ओढ्यात गेला.

"बये, आगगाडी सुटेल!" फेस्टी ओरडला.

"अगोबाई! हरलेल्यांशी बोलतोस?"

"बोलतोय कुठे, ओरडतोय! चढतेस की नाही?"

"एवढी चाल संपू दे."

"संपणार कधी ती?"

"ते माझ्या हातात आहे!"

स्वतःचेच हे शब्द तिच्या कानी पडले मात्र, बाबीनला गरगरल्यासारखे झाले. युद्ध केव्हा संपवावे हे तिला कुणी विचारले नव्हते. ही चाल मात्र सर्वस्वी तिची होती. वाजवता वाजवताच तिने गिरकी घेतली आणि घराकडे तोंड केले. मागोमाग गाव वळले. दूरवर आगगाडीची शिटी झाली. आईला हसता हसता उचक्या लागल्या.

"आणि ही ट्रंक?" फेस्टीने विचारले.

"घरी आण! माझा चांगला कोट आहे तिच्यात!"

फेस्टीने घोडा वळवला.

पुढे सत्तेचाळीस वर्षे बाबीन स्वयंपाकघरात पोरांना पेटी शिकवीत राहिली. आज तिच्या पेटीचा भाता फाटलेला आहे. ती चाल वाजवता येणारी नऊ माणसे गावात आहेत.