वहिनींच्या नावावर

बत्तीशीवाल्यांबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची माहिती ती कितीशी? बरीच वर्षं समोरासमोर राहिलो आणि त्यांनीच केलेल्या कवळीने मी रोज जेवतो, एवढीच काय ती ओळख. बाकीचं थोडं त्यांनी सांगितलं, थोडं वहिनींनी, आणि उरलेलं मी आपल्या मनाने जुळवलं. चुकलं असेल तर सुधारायला आता दोघंही नाहीत.

ते कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे, आणि हे दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती. घासताना उडणारी गुलाबी पूड दिवसभर अंगावर बसायची. संध्याकाळी घरी आले की वहिनी दारातच म्हणायच्या, "आधी तोंड धुवा. गालाला लाली लावून कुठे निघालात?"

मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते सगळं वहिनींच्या नावावर. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या नावाने पहिलं दुकान काढलं, ते वर्षभरात जळालं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. "माझ्या नावावर दूध घेतलं तरी नासेल," असं म्हणायचे. दुकान, घर, विजेचं मीटर, सगळीकडे वहिनी पुढे.

"म्हणजे तुम्ही भाडेकरूच की!" कोणीतरी चिडवायचं.

"भाडं मागत नाही हे नशीब समजा," हे वहिनींचं उत्तर ठरलेलं.

साठी उलटली तसा खोकला मागे लागला. छातीत पूड साठलीय, आता हे काम बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच सुमारास त्यांच्या हाती एका एजंटाचं माहितीपत्रक पडलं. परदेशात घर विकत घ्या, त्या बदल्यात तिथे राहायचा परवाना मिळवा आणि म्हातारपण सुखात घालवा. चित्रात एक गॅलरी होती, दोन खुर्च्या होत्या आणि पुढे नुसता समुद्र.

"अगं, बघ तरी. अख्खी भिंतच खिडकी आहे!"

वहिनींनी चष्मा लावून पाहिलं. "गिऱ्हाइकाला डॉक्टर आधी मेणाची कवळी लावून आरसा दाखवतात. त्याला पटली तरच तुम्ही पक्की करता. आणि घर मात्र फोटोवर?"

"जन्मभर लोकांच्या तोंडात बघितलं गं. आता जरा समुद्राकडे बघू."

वहिनींना जायचं नव्हतं. पण तो खोकला त्याच ऐकत होत्या. त्या गप्प राहिल्या, आणि यांनी तो होकार धरला.

एजंटच्या ऑफिसात दोघं शेजारी शेजारी बसली. मुख्य अर्जदार कोण, असं त्याने विचारलं. बत्तीशीवाल्यांनी क्षणाचाही विचार न करता वहिनींकडे बोट दाखवलं. "हिचंच नाव घाला. माझं नाव आलं की विघ्न आलंच."

"मग तुम्ही त्यांच्यावर अवलंबून, असं लिहू?"

"तसा तर मी आहेच," हे म्हणाले. तिघंही हसली.

दुकान विकलं, घर विकलं आणि दोघं गेली. तिथल्या हवेने खोकला खरंच कमी झाला. ते सकाळपासून गॅलरीत बसायचे. त्यांना माणसांची गरज नव्हती, समुद्र पुरत होता. वहिनींचा मात्र मला अधूनमधून फोन यायचा. म्हणायच्या, "हवा छान आहे हो भावजी. पण हवेशी बोलणार किती?"

दुसऱ्या वर्षी एका सकाळी ते गॅलरीतून ओरडले, "चहा झाला का गं?" उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा ओरडले. मग उठून आत गेले. चहा उतू जाऊन गॅस विझला होता, आणि वहिनी ओट्याशी पडल्या होत्या.

तिथे दहनाची सोय नव्हती, म्हणून वहिनींना त्याच गावात पुरलं. पुढे बत्तीशीवाल्यांना सरकारी कचेरीत बोलावणं आलं. काचेपलीकडची बाई अतिशय नम्रपणे बोलत होती, शेजारी बसलेला दुभाष्या सांगत होता. परवाना तुमच्या पत्नीचा होता. तुमचा त्याला जोडलेला. त्या गेल्या, तो संपला.

"आणि घर?"

घर वारसाने तुमचंच. पण तिथे राहता येणार नाही. पाहुणे म्हणून थोडे दिवस येऊ शकता. नव्याने अर्ज करायचा तर आता कितीतरी महाग घर घ्यावं लागेल.

"तिला इथे ठेवून मी जाऊ कुठे?"

हे दुभाष्याने बाईंना सांगितलंच नाही.

ते परत आले. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. खोकलाही परत आला. एकदा पायरीवर बसले असताना आपणहून म्हणाले, "दुकान जळलं ते माझ्या नावामुळे नव्हतं हो. वायर जुनी होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण हिला पुढे करायची सवयच लागली." मग म्हणाले, "आता तिकडे पाहुणा आणि इकडे भाडेकरू."

ते झोपेतच गेले. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कवळी टोचते म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो. हत्यारं दुकानाबरोबर विकली होती, एक कानस तेवढी ठेवली होती. कवळी दिव्याखाली धरून त्यांनी कड घासली, फुंकर मारली, धुऊन माझ्या हातात दिली.

"लावून बघा. टोचतंय?"

"नाही."

"नीट चावून बघा. टोचलं तर लगेच सांगा, सोमवारी मी चाललोय. पाहुणा म्हणून. गॅलरीतल्या खुर्च्या आत घ्यायच्या राहिल्यात, भिजत असतील."

"बरं."

"आणि रात्री काढून पाण्यात ठेवत जा हो. ठेवत नाही तुम्ही."

"ठेवतो," मी म्हणालो.