हात दाखव

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. पप्पा पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झाले, पण दर रविवारी विहारात पंचशील म्हणायला ते अजूनही पहिल्या शिफ्टच्या हजेरीला उभे राहिल्यासारखे ताठ उभे राहतात. पाचवं शील दारूचं. ते म्हणताना त्यांचा आवाज चढतो, कारण वस्तीतली किती घरं दारूपायी बसली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. अशा माणसाला आपला मुलगा पितो असं स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं, आणि ते सांगून झाल्यावर आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा मला आजही संताप येतो.

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट तपासायचा. मायक्रोमीटर लावायचा, माप बघायचं, पास की रिजेक्ट ते ठरवायचं. कॉन्ट्रॅक्टवर बरीच वर्षं घासल्यावर तो परमनंट झाला. आमच्याकडे परमनंट हा शब्द लोकांनी लग्नपत्रिकेत छापायचाच काय तो बाकी ठेवलाय. आईने त्याच आठवड्यात मुली बघायला घेतल्या.

मग त्याची झोप गेली, पाठोपाठ जेवण. आपल्या हातून एक खराब पार्ट पास झालाय आणि तो कुठल्या तरी गाडीत बसलाय, असं त्याच्या मनाने घेतलं. एका दुपारी तो मोशीजवळ हायवेवर गाड्या अडवायला उभा राहिला. "ब्रेक बघू द्या, फक्त ब्रेक," म्हणत टेम्पोखाली वाकत होता. कुणी मारलं नाही हे नशीब. गळ्यातलं कंपनीचं कार्ड बघून एका ड्रायव्हरने भावाच्याच मोबाइलवरून आम्हाला बोलावून घेतलं.

महापालिकेचा मोठा दवाखाना आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. उपचार जवळजवळ फुकट. पण तिथे अर्धी पिंपरी भेटते. औषधाच्या रांगेत मागून कुणीतरी "काय हो, इकडं कसं काय?" असं विचारणारच. म्हणून आम्ही सांगवीवरून नदी ओलांडून औंधच्या एका खासगी डॉक्टरांकडे जाऊ लागलो. पप्पांनी वरचा मजला चढवायला ठेवलेले पैसे तिकडे गेले. गच्चीवरच्या सळया गंजतायत, आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते. मी ताथवड्याला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, माझ्या रजा तिकडे गेल्या आणि त्या संपल्यावर पगार कापला जाऊ लागला. निम्मा खर्च आजाराचा होता, निम्मा लोकांच्या नजरेचा.

भाऊ कामावर दिसेना म्हणून युनियनचा पुढारी घरी आला. चाकणकडच्याच गावचा माणूस, मनाने खरंच चांगला. चहा पिऊन झाल्यावर त्याने कप बाजूला ठेवला.

"काका, खरं सांगा. घेतो का?"

आईने रिकामे कप गोळा करायला घेतले.

"लाजू नका वो. निम्म्या डिपार्टमेंटची हीच गत हाय. दारू असंल तर आमी बघतो. व्यसनमुक्तीला जातोय म्हणून सांगू, रजा काढू, परत कामावर घेऊ. पोरगा परमनंट हाय, असा कसा काढतील?" मग त्याने कपाळाजवळ बोट फिरवलं. "तसलं काय न्हाई ना पण?"

पप्पांनी भिंतीवरच्या तसबिरींकडे पाहिलं, मग फरशीकडे. "घेतो," ते म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी ते विहारात गेले नाहीत. नातेवाईक मात्र एकदम सैल झाले. आत्या म्हणाली, लग्न झालं की सुटेल. शेजारच्या काकूंनी कसलासा काढा सांगितला. दारुड्यासाठी या जगात सगळ्यांकडे जागा आहे हो! त्याला नोकरी परत मिळते, बायको मिळते, वर सल्लेही मिळतात. माझा शहाणासुरता भाऊ न पिता या मायेला पात्र ठरला, आणि आम्ही खाली मान घालून ती घेतली.

औषधं लागू पडली. तो झोपू लागला, जेवू लागला, हायवेचं नाव निघेना. रजा संपवून कामावर गेला. फक्त गोळ्यांमुळे त्याचे हात थरथरायचे. फार नाही, चहा सांडेल इतके.

त्यांच्या सुपरवायझरची एक रीत होती. ज्याच्यावर पिण्याचा संशय, त्याला शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर म्हणायचं, "हात दाखव." हात पुढे, पालथा, वर एक कागद. कागद हलला की घरी. गेटवर फुंकायचं मशीन होतं, त्यात माझ्या भावाचं काही निघायचं नाही, पण सुपरवायझरचा मशीनपेक्षा कागदावर विश्वास. "काय राव, परत चालू केली?" असं सोबतची पोरं हसत विचारायची. तो घरी येऊन हे सांगायचा आणि आम्ही हसल्यासारखं करायचो.

डॉक्टरांनी थरथरीवर आणखी एक गोळी दिली. तिने हात बरेच थांबले, पण जवळचं धूसर दिसू लागलं. मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या. म्हणजे हात धरावेत तर डोळे जायचे, डोळे धरावेत तर हात. नोकरीला दोन्ही हवे होते. डॉक्टर म्हणाले, डोस हळूहळू जमवू, वेळ लागेल, मनाने काही बंद करू नका. पण कागद रोज सकाळी होता.

महिन्या-दोन महिन्यांत त्याचे हात स्थिर झाले. आम्हाला वाटलं, डोस जमला. पप्पा पुन्हा विहारात जाऊ लागले.

मग सेफ्टी वीकच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. व्यसनातून बाहेर आलेला कामगार म्हणून कंपनी त्याचा सत्कार करणार होती, आईवडिलांसह. मीही गेले. शेडमध्ये मांडव, खुर्च्या, शाल, श्रीफळ. पुढाऱ्याने त्याचा हात माइकसमोर धरून सगळ्यांना दाखवला. "बघा, एक बोट हलत न्हाई!" टाळ्या पडल्या. पप्पांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मी भावाच्या डोळ्यांकडे पाहिलं. हायवेवरून घरी आणला त्या दिवशीचे डोळे होते ते.

त्याने माइक घेतला. आभार मानले, अगदी व्यवस्थित. मग म्हणाला की एक खराब पार्ट बाहेर गेलाय, सगळ्या गाड्या थांबवायला पाहिजेत, आत्ता, या क्षणी. आवाज वाढत गेला. तो समोर बसलेल्या साहेबांकडे धावला, शाल खांद्यावरून पडली. सुपरवायझरने पुढे होऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"काका, आजच्या दिवशी तरी..." पुढारी कळवळून म्हणाला.

तेव्हा पप्पांचा बांध फुटला. "तो पीत नाही! आयुष्यात कधी प्यायला नाही. मनाचा आजार आहे त्याला. गोळ्यांनी हात थरथरायचे. तुमच्या त्या कागदासाठी गोळ्या सोडल्या असतील त्याने." त्यांना ते त्याच क्षणी उमगलं होतं, मलाही.

पुढाऱ्याला विश्वास ठेवायला वेळ लागला. पटलं तेव्हा तो आमच्यापासून थोडा मागे सरकला. मी ते पाऊल पाहिलं. नंतर कंपनीने भावाकडून राजीनामा मागितला, ब्रेकच्या कामाची जबाबदारी आहे म्हणून. बेकायदा होतं की नाही, मला माहीत नाही. भांडायचं तर कुणीतरी सोबत उभं राहायला लागतं. पप्पा युनियनच्या ऑफिसात गेले, पुढाऱ्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, दारू असती तर मी भांडलो असतो," तो म्हणाला.

आता भाऊ घरी असतो. आम्ही त्याला चालत त्या महापालिकेच्या दवाखान्यात नेतो. अर्धी पिंपरी भेटते, भेटू दे. मुली बघणं आईने थांबवलंय. तो गोळ्या वेळेवर घेतो, एकही चुकवत नाही. हात थरथरतात, पण आता त्या हातांकडे कुणी बघत नाही.