अकरा ड्रायव्हर आणि एकच दार

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कंपनीने घरी बसवलं, ही बातमी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात सोडली. कारण म्हणे, तीन महिन्यांत बाईंनी दोनच फंक्शनं लिहिली! नोकरी गेल्याचं साफ खोटं. वहिनी रोज सव्वाआठला धावतपळत जिना उतरत होत्या. दोन फंक्शनांचं, म्हणजे प्रोग्रामच्या दोन छोट्या तुकड्यांचं, मात्र खरं होतं.

वहिनींची कंपनी लाँड्रीसाठी अवाढव्य धुलाई यंत्रं बनवते. ड्रम, पंप, हीटर, प्रत्येकाला हलवायला एक छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर. असे अकरा. वहिनींचा हट्ट एकच: कुठल्याही ड्रायव्हरने यंत्रातल्या चिपला परस्पर हात लावायचा नाही. वाचायचं तर ‘वाच’ला सांगा, लिहायचं तर ‘लिही’ला; चिपकडे जायचं दार हेच. उद्या चिप बदलली तर ही दोनच फंक्शनं बदलायची.

सगळे हसले. मग जुनी चिप खरंच मिळेनाशी झाली.

बुधवारी सकाळी नव्या चिपचा बोर्ड आला. साहेब म्हणाले, "एकच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत यंत्र चाललं तर तुमची पद्धत. नाहीतर उद्यापासून अकराही ड्रायव्हर पहिल्यापासून लिहायचे."

बटण दाबलं. पाण्याचं तापमान आलं दहा हजार दोनशे चाळीस अंश!

"वहिनी, कपडे धुताय की सूर्य?" शेजारच्या टेबलावरचे घाईबुवा खिदळले. ऑफिसातही त्या वहिनीच.

वहिनींनी आकडा दोनशे छप्पनने भागला आणि खुर्चीतून उडाल्याच. "चाळीस! अहो, चाळीसच आहे! जुन्या चिपमध्ये आकड्याचा थोरला अर्धा आधी यायचा, हिच्यात धाकटा पुढे घुसलाय, म्हणून दोनशे छप्पन पट दिसतंय!"

‘वाच’ आणि ‘लिही’मध्ये त्या दोन अर्ध्यांची अदलाबदल केली. चार ओळी! अकरा ड्रायव्हरांना बोटही लावलं नाही. पुन्हा बटण. चाळीस अंश! ड्रम गरगरला, झडपा उघडल्या...

पंप मात्र ढिम्म. घड्याळात पाऊण.

"झालं कल्याण," घाईबुवा पुटपुटले.

"बाकी दहा चालले ना? मग हा माझ्या दारातून आलाच नाही!" वहिनींनी पंपाचा ड्रायव्हर उघडला. मधोमध एक ओळ ‘लिही’ला टाळून थेट चिपच्या पत्त्यावर लिहीत होती. "ही कोणाची करामत?"

घाईबुवांचे कान लाल झाले. "मागच्या महिन्यात... जरा घाईत होतो हो. म्हटलं, एवढ्या एका ओळीसाठी कुठे वळसा घालायचा!"

ती ओळ गेली, तिथे ‘लिही’ बसलं. पंप असा काही घुरघुरला की पाणी केबिनपर्यंत उडालं; साहेब उठून आले आणि भिजलेल्या बुटांनिशी म्हणाले, "बरं बाई, तुमचीच पद्धत."

संध्याकाळी वहिनी दोन-दोन पायऱ्या चढत आल्या, तर जिन्यात काकू उभ्या. "काय गं, तीन महिन्यांत खरंच दोनच फंक्शनं?"

वहिनी म्हणाल्या, "हो काकू, दोनच. म्हणून आज अकरा ड्रायव्हर कुणाला पुन्हा लिहावे लागले नाहीत. आता हेही सांगा जिन्यात, पण या खेपेला पूर्ण सांगा."